खड्यात उतरलेला समुद्र

झवेरी बाजारात एखादा व्यापारी पांढऱ्या कागदाची पुडी उलगडून अ‍ॅक्वामरीनचे बारीक खडे समोर सारतो, तेव्हा नवखं गिऱ्हाईक बहुधा हिरमुसतं. अ‍ॅक्वामरीन म्हणजे समुद्राचं पाणी, असं नाव ऐकून ते आलेलं असतं आणि पुडीत नुसते पाण्याचे थेंब सांडल्यासारखे दिसतात. पाव कॅरटच्या खड्यात निळं म्हणावं असं फारसं नसतंच. कडेकडेला जराशी गार झाक, एवढंच. त्याच खाणीतला, त्याच प्रतीचा वीस कॅरटचा खडा शेजारी ठेवला की मात्र निळाई लपत नाही. मोठ्या खड्यात रंगाचं द्रव्य जास्त दाट मिसळलेलं असतं असं नाही. प्रकाशाला खड्याच्या आत जास्त अंतर कापावं लागतं, एवढाच फरक.

समुद्र निळा दिसतो त्यामागेही हेच अंतराचं गणित आहे. पाण्याचे रेणू सतत थरथरत असतात आणि त्या थरथरीत तांबड्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश शोषला जातो. पेलाभर पाण्यात हे कळतही नाही. दहा मीटर खोलीवर मात्र तांबडा प्रकाश बव्हंशी संपलेला असतो; तिथे पाणबुड्याचं बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. उरलेला निळा प्रकाश पाण्यात विखुरतो आणि त्यातला थोडा उलट फिरून वर येतो. तोच आपल्याला दिसतो.

शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या शास्त्रज्ञांचं मत वेगळं होतं. समुद्राचा निळा म्हणजे आकाशाच्या निळ्याचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले यांनी सांगून ठेवलं होतं. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परतत होते. भूमध्य समुद्रातून जाताना त्यांनी जवळच्या निकोल लोलकातून पाण्याकडे पाहिलं, म्हणजे पृष्ठभागावरून उसळून येणारा प्रकाश गाळून टाकला. प्रतिबिंब गेलं, पण निळा रंग गेला नाही. उलट जास्त खुलला. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाला पाठवायचं टिपण तयार होतं आणि त्याखाली ठिकाण लिहिलं होतं मुंबई बंदराचंच. हेच रामन पुढे बंगळूरला हिरे, मोती, लॅब्राडोराइट, चंद्रकांत मणी अशा रत्नांच्या मागे लागले. समुद्राचा रंग आणि रत्नाचा रंग हे त्यांच्या लेखी दोन वेगळे विषय नव्हतेच.

दागिन्यात समुद्र आणायचा तर निळ्या रंगाचा खडा शोधणं ही पायरी सोपी आहे. रंगापाठोपाठ खोली आणायची असते, आणि कारागिराचा कस तिथे लागतो.

अ‍ॅक्वामरीन हा बेरिल कुळातला. पाचूही याच घरचा. क्रोमियम किंवा व्हॅनेडियम शिरलं की बेरिलचा पाचू होतो, लोह शिरलं की अ‍ॅक्वामरीन. पण दोघांचा स्वभाव निराळा. पाचू बहुतेक वेळा भेगा आणि डाग घेऊनच येतो. अ‍ॅक्वामरीनचे स्फटिक मात्र मोठे, लांब आणि आतून स्वच्छ मिळतात, त्यामुळे प्रकाशाला आत बिनअडथळा हिंडता येतं. या स्फटिकाची रचनाही गमतीची आहे. सिलिकेटच्या षट्कोनी कड्या एकावर एक रचल्या जाऊन लांबच लांब पोकळ नळ्या तयार होतात आणि या नळ्यांमध्ये पाण्याचे रेणू अडकून बसतात. म्हणजे समुद्राचं नाव मिरवणाऱ्या या दगडात खरोखरच थोडं पाणी असतं. ते समुद्राचं नव्हे, जमिनीखालच्या तप्त रसातलं. आणि रंगाचं श्रेय त्याला देता येत नाही, ते लोहाचंच. तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.

पहिल्या शतकात रोममध्ये बसून प्लिनीने लिहून ठेवलं की बेरिल भारतातून येतात, इतरत्र क्वचितच सापडतात, आणि त्यातले सर्वांत चांगले ते, ज्यांचा रंग स्वच्छ समुद्राच्या हिरव्याशी जुळतो. हे खडे तमिळनाडूतल्या कोइमतूर-कांगेयम पट्ट्यातले असावेत. तिथल्या कोडुमणल गावी झालेल्या उत्खननात बेरिल, नीलम, स्फटिक यांचे मणी घडवणाऱ्या कारागिरांच्या खुणा सापडल्या आणि त्या भागात रोमन नाणीही भरपूर मिळाली आहेत. भारतीय लोक स्फटिकाला रंग देऊन नकली बेरिल बनवतात, अशी तक्रारही प्लिनीने करून ठेवली आहे. व्यापार जुना, तशी लबाडीही जुनीच.

प्लिनीला आवडलेला समुद्र हिरवा होता, निळा नव्हे. एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातल्या गिऱ्हाइकाची आवडही तशीच हिरवट होती. मग ती पालटली आणि निखळ निळ्याला भाव आला. आज बाजारातले बहुतेक अ‍ॅक्वामरीन भट्टीतून काढलेले असतात. साधारण ४०० ते ४५० अंश सेल्सिअसला तापवलं की लोहाचा जो अवतार पिवळी झाक देतो तो बदलतो, हिरवट खडा निळा होतो आणि तसाच राहतो. यात फसवणूक नाही, व्यापारात हे सर्वमान्य आहे. तरी माझं मत विचाराल तर किंचित हिरवी झाक राखलेला खडा समुद्राच्या जास्त जवळचा. आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला तर हे सांगायलाच नको. मुंबईचा समुद्र गढूळ, रत्नागिरीचा हिरवट, मालवण-तारकर्लीला थंडीच्या दिवसांत पाणी निवळलं की थोडा निळा. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ आणि सूक्ष्म वनस्पती असतात, त्यामुळे रंग हिरव्याकडे झुकतो. जाहिरातींतला तो गडद निळा समुद्र भूमध्याचा, नाहीतर कॅरिबियनचा.

आता पैलू पाडणाऱ्याच्या बाकावर येऊ. अ‍ॅक्वामरीनचा कच्चा स्फटिक पेन्सिलीसारखा लांब आणि सहा कडांचा असतो. टोकाकडून आरपार पाहिलं तर तो फिका दिसतो, कुशीवरून पाहिलं तर निळा. एकाच दगडाचे दिशेनुसार दोन रंग. म्हणून वरचा सपाट पैलू, ज्याला धंद्यात टेबल म्हणतात, तो स्फटिकाच्या लांबीला समांतर धरतात. असं केलं की लांबट चौकोनी घाट आपसूक निघतो, माल कमी वाया जातो आणि रंगही उत्तम मिळतो. नीलमाचं याच्या बरोबर उलट आहे. त्याचा चांगला निळा टोकाकडून दिसतो, कुशीवरून तो हिरवट वाटतो. त्यामुळे नीलमाचं टेबल लांबीला आडवं घ्यावं लागतं. कारागीर इथे चुकला तर महागडा दगड हातचा जातो.

अंतराचं हे गणित शेवटच्या टोकाला नेऊन दाखवलं ते जर्मनीतले रत्नकार बेर्न्ड मुन्स्टायनर यांनी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात एक प्रचंड अ‍ॅक्वामरीन सापडला. काढणाऱ्यांच्या हातून तो पडला आणि त्याचे तीन तुकडे झाले. दोन लहान तुकडे कापून दागिन्यांच्या बाजारात गेले. उरलेला सुमारे ६० सेंटिमीटर लांबीचा तुकडा इडार-ओबरश्टाइनला पोहोचला. हे गाव मूळचं अकीक घासणाऱ्यांचं; एकोणिसाव्या शतकात इथले लोक ब्राझीलला जाऊन स्थायिक झाले आणि तेव्हापासून तिथला कच्चा माल इथे येत राहिला. मुन्स्टायनर यांनी चार महिने नुसता तो दगड पाहण्यात आणि रेखाटनं करण्यात घालवले, मग सहा महिने कापण्यात. तयार झाला तो सुमारे ३५ सेंटिमीटर उंचीचा, १०,३६३ कॅरटचा, म्हणजे दोन किलोंहून थोडा जड असा निमुळता स्तंभ. त्याला ब्राझीलच्या दोन सम्राटांवरून 'दोम पेद्रो' हे नाव मिळालं आणि २०१२ पासून तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याच्या मागच्या बाजूने आत खोल खाचा कोरल्या आहेत. पुढून पाहिलं की त्याच खाचा आतल्या आत उजळलेल्या चांदण्यांसारख्या दिसतात. आत दिवा नाही की आरसा नाही. खाचेच्या उतारावर आदळून प्रकाश वळतो आणि निळा होऊन परत येतो. खोल पाण्यात जे घडतं तेच इथे दोन किलो दगडात घडवलं आहे. हा अंगावर घालायचा दागिना नव्हे हे खरं. पण आज अनेक रत्नकार खड्याच्या मागून पन्हळी आणि खोबणी कोरतात, त्यांचा रस्ता मुन्स्टायनर यांनी १९६० च्या दशकापासून घातला.

नीलमाकडे खोली आहे, पण ती सांभाळायला अवघड. अ‍ॅक्वामरीनमध्ये लोह बऱ्यापैकी असूनही रंग फिका राहतो. नीलमात लोह आणि टायटॅनियम दोन्ही मिळून शतांश टक्क्यांत असले तरी पुरतात, कारण शेजारी बसलेले हे दोन अणू आपसांत इलेक्ट्रॉनची देवघेव करतात आणि त्यात पिवळा-तांबडा प्रकाश झपाट्याने गिळला जातो. त्यामुळे जाड नीलम पुष्कळदा शाईसारखा काळा पडतो. समुद्र दाखवायला निघालेल्या नीलमात रात्र दिसू लागते. याला सन्माननीय अपवाद काश्मीरचा. १८८१ च्या सुमारास किश्तवाडच्या पाडर भागात दरड कोसळली आणि निळे दगड उघडे पडले. पुढच्या काही वर्षांतच खाणीतला उत्तम माल संपला. या नीलमाच्या पोटात इतके सूक्ष्म कण विखुरलेले असतात की प्रकाश त्यांवर आपटून सगळीकडे पसरतो आणि दगड मखमली दिसतो, काळा पडत नाही. पाण्याच्या रंगाशी इतकं जवळचं नातं सांगणारा हा नीलम निघाला समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंचावर, हिमालयात.

आपल्या दागिन्यांत मात्र नीलमाचा आणि समुद्राचा कधी संबंध जोडला गेला नाही. नीलम शनीचा. तो घ्यायचा म्हणजे आधी काही रात्री उशाखाली ठेवून सोसतो की नाही ते पाहायचं, स्वप्नं वाईट पडली तर परत करायचा. असल्या धाकात असलेल्या खड्याकडे लाट म्हणून कोण बघणार? आपल्याकडे समुद्र आला तो मोती आणि पोवळ्यांच्या रूपाने. नथ, तन्मणी, चिंचपेटी हे सगळे मोत्यांचे, आणि त्यांतले नावाजलेले बसराचे मोती इराणी आखातातून मुंबईच्या बाजारात उतरत. शिवाय कुंदनकामात खडा मागून बंद करतात आणि खाली चकचकीत वर्ख घालतात. अशा कोंदणात खड्याची चमक वर्खाची असते, आतल्या अंतराची नव्हे. फिक्या पारदर्शक निळ्याला तिथे वाव मिळाला नाही यात नवल नाही.

युरोपातही जुना समुद्र मोत्याचाच. भारताचे पहिले व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांच्या नावाने ओळखला जाणारा जलपुरुषाच्या आकाराचा लोलक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जलपुरुषाचं धड म्हणजे एकच भला मोठा वेडावाकडा मोती. विसाव्या शतकातला समुद्री दागिन्यांचा सर्वांत गाजलेला नमुनाही निळा नाही. पॅरिसच्या बॉव्हँ या पेढीसाठी ज्युलिएट मुतार हिने १९३० च्या दशकात आखलेला तारामासा माणकं आणि अ‍ॅमेथिस्टचा आहे, लाल आणि जांभळा. त्याचे पाचही हात सांध्यांवर हलतात, त्यामुळे तो खांद्याच्या गोलाईवर खऱ्या माशासारखा पसरून बसतो. अभिनेत्री क्लॉडेट कोल्बेर हिने असा एक घेतला होता. निळ्याचा एकही कण नसताना त्यात समुद्र आहे, कारण मुतारने रंगाऐवजी चाल पकडली. मला हा दागिना डझनभर निळ्या हारांपेक्षा वरचढ वाटतो.

याच्या दुसऱ्या टोकाला १९५३ चा एक आहेर आहे. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त ब्राझीलने तिला अ‍ॅक्वामरीनचा हार आणि कर्णभूषणं दिली. रंगाला रंग जुळणारे मोठे खडे गोळा करायलाच वर्षभर लागलं. राणीने १९५७ मध्ये त्याला साजेसा मुकुटही करवून घेतला. सगळं राजेशाही आहे, पण समुद्र त्यात नाही. एकसारख्या निळ्याच्या रांगा लावल्या की दरबार भरतो, लाट उठत नाही. पाण्याचा रंग कधी वीतभरही सारखा राहत नाही.

हे नेमकं ओळखलं जाँ श्लुमबेर्जेने. १९०७ साली अल्सासमधल्या मुलूझला कापड धंद्यातल्या घरी जन्मलेला हा माणूस जवाहिऱ्याचं शिक्षण न घेता फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेलीसाठी बटणं बनवता बनवता दागिन्यांकडे वळला आणि १९५६ मध्ये टिफनी या अमेरिकी पेढीत आला. त्याचं जेलीफिश ब्रोच १९६७ चं. बनी मेलन या धनिक बागप्रेमी बाईंसाठी केलेलं ते आज व्हर्जिनियाच्या कलासंग्रहालयात आहे. वर घुमटाकार चंद्रकांत मणी दाटीने बसवलेत, खाली नीलम आणि हिऱ्यांनी जडवलेले तंतू लोंबतात. चंद्रकांत मण्याला स्वतःचा असा रंगच नसतो. फेल्डस्पारचे अतिसूक्ष्म थर एकमेकांवर बसलेले असतात आणि त्यांत विखुरलेला प्रकाश निळसर तरंगतो. दागिना हलला की ती झळाळी जागा बदलते. रामन यांनी १९५० च्या सुमारास ज्याच्यावर काम केलं तोच हा मणी. जेलीफिशच्या पारदर्शक अंगाला याहून योग्य दगड सापडला नसता. नीलमही श्लुमबेर्जेने बारीक पट्ट्यांत वापरला, त्यामुळे तो काळा पडायचा धोका टळला. २०२३ च्या टिफनीच्या 'ब्लू बुक' या उंची दागिन्यांच्या संग्रहाची सगळी मांडणी समुद्रावर होती आणि पेढीची रचनाकार नताली व्हर्देय हिने तिच्यासाठी श्लुमबेर्जेकडूनच प्रेरणा घेतली, हे समजण्यासारखं आहे.

आज समुद्री घाटाचं काम करणारे कारागीर बहुधा हीच युक्ती वापरतात: एकच मोठा खडा टाळून निळ्याची उतरंड लावायची. खोल बाजूला गडद नीलम, मग फिका नीलम, मग अ‍ॅक्वामरीन, फेसाच्या कडेला हिरे. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दोन-दोन मिलिमीटरचे शेकडो खडे पांढऱ्या कागदावर पसरून, दिवसाउजेडी, चिमट्याने एकेक सरकवत छटा लावाव्या लागतात. पिवळ्या दिव्याखाली लावलेली उतरंड सकाळी उजेडात मोडलेली दिसते.

खोली नको, उथळ पाणीच हवं असेल तर दोन दगड कामाला येतात. पाराइबा टुर्मलिन हा पहिला. ब्राझीलच्या पाराइबा प्रांतात एइतोर दिमास बार्बोझा या माणसाने कित्येक वर्षं टेकडी उकरली आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी हा दगड हाती आला. त्याला रंग देतं तांबं. लहानसा खडासुद्धा आतून पेटल्यासारखा दिसतो, म्हणजे इथे जाडीची फारशी गरज पडत नाही. पुढे नायजेरिया आणि मोझांबिकमध्येही तांब्याचे असे टुर्मलिन सापडले. प्रवाळद्वीपाच्या आतल्या पाण्याचा हा हुबेहूब रंग आहे, मात्र किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. दुसरा लारिमार, फक्त डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये मिळणारा निळा पेक्टोलाइट. तो अपारदर्शक असतो, पण त्याच्या निळ्यावर पांढऱ्या रेषांचं जाळं असतं, वाळूवरच्या उथळ पाण्यात उन्हाची जाळी पडते तसं. १९७४ मध्ये बाओरुको डोंगराच्या पायथ्याला किनाऱ्यावर त्याचे गोटे सापडले. ते समुद्रातून आले असावेत असं लोकांना वाटायचं. नदीने ते डोंगरातून वाहून आणले होते, आणि नदीकाठाने वर जाऊन मूळ जागा शोधण्यात आली. लारिमार मऊ आहे, कठीणपणा पाचच्या आत, त्यामुळे लोलकात तो टिकतो, रोजच्या अंगठीत लवकर ओरखडतो.

मऊपणापायीच आपल्याकडचा एक अस्सल निळा दागिन्यांबाहेर राहिला. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हन्साइट मिळतं. जगभरचे संग्राहक त्याचे उत्तम नमुने वाघोलीचेच मानतात. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांच्या या खनिजाचे झगझगीत निळे गोळे पांढऱ्या स्टिल्बाइटवर उगवलेले असतात. पण कठीणपणा तीन-चार, स्फटिक सुईएवढे. त्याला पैलू पडत नाहीत. तो खडकासकट कपाटात जातो.

बाजारात समुद्री निळा म्हणून स्वस्तात जे मिळतं ते बहुधा ब्लू टोपाझ असतं: बिनरंगी टोपाझवर किरणोत्सारी मारा करून आणि तापवून निळा केलेला. तो वाईट नाही, पण अ‍ॅक्वामरीनच्या भावात घेऊ नये. सारख्या आकाराचे दोन सुटे खडे वजनाला टाकले तर टोपाझ सुमारे ३० टक्क्यांनी जड भरतो, कारण त्याची घनता साडेतीन आणि अ‍ॅक्वामरीनची दोन पूर्णांक सातच्या आसपास. माशिश जातीच्या गडद निळ्या बेरिलपासूनही जपावं. पाहताना भूल पडते, पण काही काळ उन्हात राहिला की त्याचा रंग उडतो.

अ‍ॅक्वामरीन घेतलाच तर कोंदण मागून उघडं ठेवायला सांगावं आणि घरी ती मागची बाजू धूत राहावी. साबणाचा आणि अंगाच्या तेलाचा थर तिथेच साचतो. तो साचला की प्रकाश आतून परतण्याऐवजी पाठीमागून निसटतो, खडा मंद होतो, आणि लोक म्हणतात रंग गेला. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढं पुरतं.